एकाहत्तर दिवसांचं पाणी

विद्याधर टिपणीस आणि त्यांची बायको शैलजा २०२७ साली अमेरिकेहून नाशिकला कायमचे परत आले, तेव्हा त्यांच्या सामानात एकवीस फायली होत्या. कंटेनरमधून सोफा आला नाही, गालिचे आले नाहीत. फायली मात्र टिपणीसांनी विमानात स्वतःबरोबर आणल्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तिथे पाणीपुरवठ्याच्या कामात इंजिनिअर म्हणून घालवलेली, दोघांनीही तिथलं नागरिकत्व घेतलेलं. आणि अमेरिकन नागरिकत्वाचं एक वैशिष्ट्य असं, की माणूस परत आला तरी ते त्याच्याबरोबर येतं. तुम्ही नाशिकला राहा नाहीतर टिंबक्टूला, दर वर्षी त्या देशाला हिशेब द्यायचा. परदेशातलं प्रत्येक खातं कळवायचं. गंगापूर रोडवरच्या सहकारी बँकेतलं खातं, पोस्टातली ठेव, सोसायटीच्या पतपेढीतले शेअर, सगळं.

बाकीच्यांना ही कटकट वाटे. टिपणीसांना त्यात मनापासून रस होता. फेब्रुवारी उजाडला की जेवणाचं टेबल कागदांनी भरायचं आणि दोघं महिनाभर ओट्याशी उभं राहून जेवायची. त्यांच्यासारखेच परत आलेले पाचसहा जण आपापले कागद घेऊन त्यांच्याकडे येत. ते चहा पाजून, एक पैसा न घेता सगळ्यांचे फॉर्म तपासून देत. शैलजाच्या फॉर्मवर ते पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवत. चिठ्ठी दिसेल तिथे तिने सही करायची. वाचत बसायची गरज नव्हती, कारण वाचण्याचं काम त्यांनी केलेलं असे.

शैलजा घरी बसून एका अमेरिकन कंपनीसाठी इस्पितळांचे केसपेपर तपासायची. दिवसाचे चार तास काम, बऱ्यापैकी पगार. त्या पगारावर तिथला कर लागत नसे, पण एका अटीवर: वर्षातले किमान तीनशे तीस दिवस तिने अमेरिकेबाहेर काढलेले असायला हवेत. पूर्वी या नियमाला एकदोन पळवाटा होत्या, त्या आता बुजल्या होत्या. फक्त दिवस मोजले जात. फॉर्मवर एक चौकोन असे, ‘अमेरिकेत घालवलेले दिवस’. टिपणीस तिथे दर वर्षी शून्य लिहीत.

२०३६च्या जानेवारीत ते शून्य सिद्ध करण्याची पाळी आली.

झालं असं, की विमानतळांवरच्या येण्याजाण्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या एका खासगी कंपनीच्या साठ्यात कोणीतरी बाहेरून घुसून फेरफार केल्याचं उघडकीला आलं. २०३१ ते २०३३ या तीन वर्षांतल्या नोंदींवर कोणाचाच विश्वास उरला नाही. पासपोर्टावर शिक्का मारण्याची पद्धत तर केव्हाच बंद झाली होती. तिकीट, भाड्याची पावती, बँकेचं पत्रक, फोटो, यांतलं काहीही यंत्राकडून दोन मिनिटांत हुबेहूब बनवून घेता येत होतं. त्यामुळे कागद दाखवून उपयोग नव्हता. करखात्याने बाहेर राहणाऱ्या सगळ्या नागरिकांना पत्र पाठवलं: त्या तीन वर्षांसाठी सरसकट ठरावीक रक्कम भरून मोकळे व्हा, नाहीतर केसांचा अहवाल जोडा.

केसांचा अहवाल ही गोष्ट तोपर्यंत लोकांच्या ओळखीची झाली होती. त्यातलं विज्ञान टिपणीसांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण ते सगळं पाण्याचं होतं. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात. थोड्यांतला ऑक्सिजन किंवा हायड्रोजन जरा जड असतो. ढग समुद्रावरून निघतो तेव्हा जड रेणू आधी पावसाबरोबर पडतात. ढग जमिनीवरून आत जाईल, थंड मुलुखात जाईल, तसं त्यातलं उरलेलं पाणी हलकं होत जातं. म्हणून प्रत्येक गावाच्या नळाला त्याचं त्याचं प्रमाण असतं. माणूस ते पाणी पितो, त्यातला अंश केसाच्या मुळाशी जातो आणि केसात बांधला जातो. एकदा त्वचेबाहेर आलेला केस मेलेला असतो, त्यात पुढे बदल होत नाही. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. लेझरने त्याचे अर्ध्या मिलिमीटरचे तुकडे जाळून वाफ मोजली, की दीड दीड दिवसाच्या अंतराने तो माणूस कुठलं पाणी पीत होता ते कळतं. एक केस फसवू शकतो, म्हणून चाळीस केस एकावर एक जुळवून सरासरी काढतात.

अडचण एवढीच, की पाच वर्षांपूर्वीचा पुरावा द्यायला पाच वर्षांपूर्वीचा केस डोक्यावर असावा लागतो. गावोगावचे परत आलेले पुरुष न्हाव्याकडे घातलेल्या पैशांबद्दल हळहळले. टिपणीसांच्या ओळखीचे एक कुलकर्णी नुकतेच तिरुपतीला केस देऊन आले होते. ते आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. गोव्यात राहणाऱ्या अमेरिकन म्हाताऱ्यांनी पुढच्या खेपेसाठी शेंड्या वाढवायला घेतल्या. आणि शैलजाची वेणी मात्र कमरेपर्यंत होती.

टिपणीसांनी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती कामाचा लॅपटॉप मिटत होती. तिने विचारलं, किती मागपर्यंत दिसतं. तुझ्या केसांत सात वर्षं सहज, ते अभिमानाने म्हणाले. तिने लॅपटॉपची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, कधी जायचं ते सांगा.

कॉलेज रोडवरच्या प्रयोगशाळेत आयेशा तांबोळी नावाची तिशीची मुलगी हे काम बघायची. तिने शैलजाच्या मानेवरचे चाळीस केस अगदी मुळाशी कापले, दोऱ्याने बांधले आणि लांब काचेच्या नळीत ठेवले. अहवाल कोणाला द्यायचा, या रकान्यात टिपणीसांनी आपलं नाव लिहिलं, शेजारी पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि शैलजाने तिथे सही केली.

बारा दिवसांनी आयेशाचा फोन आला. टिपणीस एकटेच गेले. तिने पडद्यावर एक लांबच लांब आलेख उघडला. डावीकडे आजचा दिवस, उजवीकडे सात वर्षांपूर्वीचा. रेघ बारीक लाटांनी पुढे जात होती. उन्हाळ्यात धरणातलं पाणी आटून जड होतं, तेव्हा वर चढलेली. पाऊस झाला की खाली आलेली. टिपणीसांना ती रेघ बघून बरं वाटलं. गंगापूर धरणाची सात वर्षं त्यांच्या बायकोच्या केसांत जशीच्या तशी होती.

मुळापासून अडतीस सेंटिमीटरवर मात्र रेघ कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली गेली होती. तिथे ती दोन सेंटिमीटरहून थोडी जास्त लांबी सपाट राहिली होती आणि पुन्हा वर आली होती.

“हे एकाहत्तर दिवस येतात, काका,” आयेशा म्हणाली. “ऑक्टोबर दोन हजार बत्तीस ते डिसेंबर. मॅडम तेव्हा कुठे होत्या?”

टिपणीस म्हणाले, बहिणीकडे, रत्नागिरीला. त्या वर्षी ते स्वतः चार महिने टांझानियात एका पाणीयोजनेच्या कामावर होते आणि शैलजा बहिणीकडे गेली होती. हे बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं की आपण चुकीचं बोलतो आहोत. रत्नागिरी समुद्राकाठी. तिथलं पाणी नाशिकपेक्षा जड. रेघ वर जायला हवी होती.

आयेशानेही तेच सांगितलं, फक्त जरा सांभाळून. इतकं हलकं पाणी आपल्याकडे हिमालयाशिवाय मिळत नाही, आणि बाकीच्या खुणा बघता हिमालयही नाही. जगभरच्या नळांच्या नकाशाशी ताडून पाहिलं, तर सगळ्यात जवळचा मेळ अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या सरोवराच्या पश्चिम टोकाशी बसत होता. अहवाल अजून कुठेही पाठवलेला नाही, ती म्हणाली. तीस दिवस तो तुमच्याकडेच राहील. पाठवायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं.

लेक सुपीरियरच्या पश्चिम टोकाला डुलुथ नावाचं शहर आहे. तिथे त्यांचा मुलगा सलील राहत होता. टिपणीस नऊ वर्षं त्याच्याशी बोलले नव्हते.

सलीलने चोविसाव्या वर्षी मित्राबरोबर बोटी दुरुस्तीचा धंदा काढला होता. कर्जाला जामीन हवा होता. वडील नाही म्हणतील हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने विचारलंच नाही. जामिनाच्या कागदावर त्यांची सही स्वतःच केली. धंदा वर्षभरात बुडाला आणि बँकेचं पत्र टिपणीसांकडे आलं. पत्राला कागदाची प्रत जोडलेली होती. सही इतकी चांगली जमली होती, की क्षणभर त्यांना वाटलं आपणच केली असावी. त्यांनी कर्ज पूर्ण फेडलं, मुलाला समोर बसवलं आणि सांगितलं, की खोटी सही करणाऱ्या माणसाशी माझं काही नातं नाही. चार महिन्यांनी ते नाशिकला आले. शैलजा तेव्हा काही बोलली नव्हती. ते धरून चालले होते, की तिलाही पटलं आहे.

घरी आले तेव्हा ती टेबलाशी बसून काम करत होती. त्यांनी आलेखाची छापील पट्टी तिच्यासमोर ठेवली. तिने चष्मा सारखा केला, रेघेवरून बोट फिरवत नेलं आणि त्या खड्ड्यापाशी थांबवलं.

“इतकं स्पष्ट दिसतं?” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. सलीलने लग्न केलं होतं, हॅना नावाच्या मुलीशी. ऑक्टोबरच्या तीन तारखेला त्याचा फोन आला, हॅनाचं रक्तदाबाचं प्रकरण हाताबाहेर गेलं म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ काढावं लागलं होतं. मुलगी. वजन नऊशे ऐंशी ग्रॅम. हॅना अतिदक्षता विभागात, बाळ काचेच्या पेटीत, आणि सलील दोन मजल्यांमध्ये जिन्याने वरखाली करत होता. तो फक्त एवढंच म्हणाला, आई, येशील का? शैलजाने फायलीतून पासपोर्ट काढला, त्याने पाठवलेल्या तिकिटावर चौथ्या दिवशी निघाली. बहिणीला तिने सांगून ठेवलं होतं.

अशा बाळाला माणसाच्या अंगाची ऊब लागते. दिवसातले पाच तास उघड्या छातीशी धरून बसावं लागतं. हॅनाला महिनाभर उठता येत नव्हतं, सलीलला नोकरीवर जावं लागे. ते पाच तास शैलजा बसायची. टिपणीसांचा टांझानियाहून रोज संध्याकाळी फोन यायचा, तेव्हा डुलुथला सकाळचे अकरा वाजलेले असत आणि बाळ तिच्या अंगावर असे. व्हिडिओ नको, इथे नेट नीट नाही, असं ती सांगायची. एकदा त्यांनी विचारलं होतं, मागे टुकटुक कसली ऐकू येते. ताईकडचं मायक्रोवेव्ह बिघडलंय, ती म्हणाली होती. ती टुकटुक बाळाच्या हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्राची होती.

टिपणीसांना ते आठवलं. त्यांनी तेव्हा मायक्रोवेव्ह कसं दुरुस्त करायचं ते सांगितलं होतं, चांगलं दहा मिनिटं.

“मला सांगायचं होतंस,” ते म्हणाले.

“तुम्ही अडवलं नसतंत, हे मला माहितीय. तुम्ही फक्त गप्प बसला असतात. तुमचं ते गप्प बसणं बरोबर घेऊन मला त्या बाळाजवळ जायचं नव्हतं.”

टिपणीसांनी पट्टी स्वतःकडे ओढली. त्यांनी विचारलं, मग केस द्यायला बसलीस कशाला. दिसणार हे तुला माहीत होतं.

“तीन वर्षं सांगायचं ठरवत होते. जमलं नाही. मग म्हटलं, आता कागदावरच दिसू दे. कागदावरचं तुम्ही खरं मानता.”

तिने लॅपटॉप पुन्हा उघडला आणि अर्धवट राहिलेला केसपेपर पुरा करायला घेतला.

पुढचे दोन दिवस घरात भांडण झालं नाही. दोघं नेहमीसारखी ओट्याशी उभी राहून जेवली. फरक एवढाच, की टिपणीस मधेच काहीतरी विचारत. आमटी वाढता वाढता म्हणाले, किती ग्रॅम म्हणालीस? तिने पुन्हा सांगितलं. संध्याकाळी सोमेश्वरच्या बाजूला फिरायला गेले तर परतताना म्हणाले, नाव काय ठेवलं? उमा, ती म्हणाली. उमा टिपणीस. त्यावर ते बराच वेळ चालत राहिले आणि मग म्हणाले, आडनाव आपलंच लावलं का त्याने. शैलजा म्हणाली, मग दुसऱ्या कोणाचं लावणार होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद हातात घेतले. मार्ग दोन होते. पहिला सोपा: केसांचा अहवाल पाठवायचाच नाही, तीन वर्षांची सरसकट रक्कम भरायची. पैसे जास्त जातील, पण कोणाला काही सांगावं लागणार नाही आणि तो खड्डा प्रयोगशाळेतल्या नळीतच राहील. त्यांनी तो फॉर्म भरला. दोनच पानं होती. सहीच्या वर बारीक अक्षरात एक वाक्य होतं: ‘या वर्षांसाठी पूर्वी दिलेली सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.’ शैलजाचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून सही त्यांनी करायची होती.

ते पेन हातात धरून बसले. २०३२च्या फॉर्मवर शून्य त्यांनीच लिहिलं होतं. तेव्हा माहीत नव्हतं; आता माहीत होतं. आज सही केली तर ती खोटी सही. आपल्याच नावाची, आपल्याच हाताने केलेली, पण खोटीच. असं काही लिहून देणं आपल्याला शक्यच नाही, असं इतकी वर्षं वाटत आलं होतं. आणि आता पंधरा मिनिटं पेन हातात होतं, ते खाली ठेवलं गेलं नव्हतं. वाक्य एवढंसं होतं. घरातली शांतता टिकणार होती. चोवीस वर्षांच्या मुलालाही जामिनाचा कागद असाच एवढासा दिसला असेल का, हा प्रश्न त्यांना नऊ वर्षांत पहिल्यांदाच पडला. त्यांना तो आवडला नाही. सलीलने केलं ते चुकीचंच होतं, हे मत काही बदललं नाही. पण सही करताना त्याचा हात किती वेळ थांबला असेल, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

त्यांनी फॉर्म फाडला आणि दुसरा काढला. हा आधीची माहिती दुरुस्त करण्याचा, चार पानांचा. दिवस एकाहत्तर. कर किती, व्याज किती, दंड माफ करण्याची विनंती. सगळं भरून त्यांनी तो शैलजासमोर ठेवला. या वेळी पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या.

“वाचून घे,” ते म्हणाले.

तिने चारही पानं वाचली. पाऊण तास घेतला. तिसऱ्या पानावर प्रवासाचं कारण म्हणून त्यांनी ‘कौटुंबिक भेट’ लिहिलं होतं. तिने ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘आजारी नवजात नातीची शुश्रूषा’. मग सही केली.

अकरावा रकाना रिकामा होता. मुक्कामाचा पत्ता, यजमानाचं नाव, अर्जदाराशी नातं, आणि यजमानाचं स्वतःच्या सहीचं निवेदन, की हे एकाहत्तर दिवस अर्जदार माझ्या घरी होती. ते नसेल तर चूक अजाणता झाली हे मानलं जाणार नव्हतं आणि दंडाबरोबर खोटी माहिती दिल्याची चौकशी लागली असती. यजमानाला निवेदन पाठवण्याची विनंती प्रतिनिधीनेच करायची होती.

टिपणीसांनी शैलजाकडे पत्ता मागितला.

“पत्ता मला पाठ आहे,” ती म्हणाली. “पण देणार नाही. तुम्ही विचारा.” आणि तिने एका चिठ्ठीवर फक्त फोन नंबर लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला टिपणीस आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. डुलुथला तेव्हा रात्रीचे आठ. शैलजा स्वयंपाकघरात गेली. गॅस मात्र तिने लावला नाही. त्यांनी नंबर लावला. चौथ्या घंटेला कोणीतरी फोन उचलला आणि मागे पाण्याचा, भांड्यांचा आवाज आला.

“हॅलो,” सलील म्हणाला.

टिपणीसांनी काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून ठेवलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य त्यांना वाचताच येईना.

“मी बोलतोय,” ते म्हणाले.

पलीकडे नळ बंद झाला. सलीलने फोन ठेवला नाही. टिपणीसांनी मग काम सांगायला सुरुवात केली, कारण तेवढंच त्यांना नीट सांगता येत होतं. आईचा २०३२चा फॉर्म दुरुस्त करायचा आहे. ती तुझ्याकडे एकाहत्तर दिवस होती हे केसांत दिसलं. अकरावा रकाना भरायला पत्ता हवा. सलीलने घरनंबर सांगितला, रस्त्याचं नाव सांगितलं, पिनकोड सांगितला. टिपणीसांनी एकेक अंक उलट वाचून दाखवला. घरात राहणाऱ्या माणसांची संख्या विचारली आहे, ते म्हणाले. तीन, सलील म्हणाला. त्यांनी तीन लिहिलं. नातं, असं विचारलेल्या जागी ते काही न विचारता ‘मुलगा’ असं लिहून पुढे गेले.

“आणि एक निवेदन लागेल,” ते म्हणाले. “तू यजमान आहेस ना, म्हणून. मी मजकूर पाठवतो. वाचून बघ, काही चुकलं असेल तर बदल. खाली सही लागते.”

 पलीकडे एक लहान मूल इंग्रजीत कोण आहे म्हणून विचारत होतं.

“माझी सही चालेल, बाबा?” सलीलने विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात शैलजा येऊन उभी राहिली होती. टिपणीसांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“तुझीच लागेल,” ते म्हणाले.